फोटोच्या मागे शिवलेलं

माझ्या भाऊजींना त्यांच्या कामाच्या ठिकाणी 'गाळणी' म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं, कारण एकदा चहा गाळताना ते स्वतःशीच हसले आणि ताईने विचारल्यावर म्हणाले, "काही नाही, माझीच आठवण आली." उभ्या आयुष्यात त्यांनी केलेला मला आठवणारा हा एकमेव विनोद. तो सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढे हसण्यासारखं फारसं नाही.

ताई माझी थोरली बहीण. भाऊजी तिचा नवरा. मी त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहते, आणि माझी जीभ तिखट आहे असं सगळेच म्हणतात. मी दारात दिसले की भाऊजी आपली खुर्ची हळूच कॉम्प्युटरकडे फिरवायचे. माझा त्यांच्यावर राग होता, हे लपवण्यात अर्थ नाही. बसल्या जागी भिंतीशीही गप्पा मारणारी माझी बहीण, आणि हा माणूस दिवसभरात मोजकं बोलणार, तेही 'हो', 'बरं', 'बघतो' असलं. हिने संसार कसा केला हे मला कधी उलगडलं नाही. ती मात्र म्हणायची, "अगं, ते ऐकतात सगळं. बोलणारे खूप असतात, ऐकणारा मिळायला नशीब लागतं."

भाऊजी फोटो छापणाऱ्या एका दुकानात कामाला होते. खाली काउंटर, मागे छपाईची यंत्रं आणि माडीवर एक अरुंद खोली, तिथे ते. लोक घरबसल्या आपले फोटो दुकानाच्या वेबसाइटवर टाकायचे, दुकान ते छापून, चौकटीत बसवून किंवा अल्बम करून द्यायचं. भाऊजी तिथे लागले ते एका मोठ्या फजितीनंतर. त्यांच्या आधीच्या माणसाने फक्त एवढंच बघितलं होतं की येणाऱ्या फाइलीच्या नावाचं शेपूट फोटोसारखं आहे ना. कुणा नतद्रष्टाने एका प्रोग्रॅमला फोटोचं नाव देऊन तो धाडून दिला. सर्व्हरने तो भोळेपणाने आत घेतला आणि चालवलाही. दुसऱ्या दिवशी लोकांनी आपापले अल्बम उघडले तर बाळांच्या, आजोबांच्या फोटोंच्या जागी शिव्या. मालकाला कुठे तोंड दाखवायला जागा राहिली नाही. मग त्याने भाऊजींना शोधून आणलं आणि सांगितलं, "मला दार हवंय. पक्कं दार."

त्या दारावर भाऊजींनी जीव लावला. जेवताना एरवी मान वर न करणारा माणूस, पण ताईने कामाचं काही विचारलं की त्यांची कळी खुलायची. मी समोर बसून हे सगळं कितीदा ऐकलंय. मला त्यातलं काही कळावं अशी माझी मुळीच इच्छा नव्हती, तरी कळलं.

"नावावर जायचं नाही," भाऊजी सांगायचे. "दारात कुणी येऊन म्हणालं, मी डॉक्टर, तर आपण लगेच जीभ बाहेर काढतो का? फाइल म्हणते मी फोटो. म्हणू दे. आपण आत डोकावून बघायचं. खऱ्या फोटोची सुरुवात ठरलेली असते."

"आणि नाव?" ताई विचारायची. तिला नावांची फार हौस. फोटोंना ती 'हे झोपले असताना' अशी नावं द्यायची.

"नाव आपण नवीन द्यायचं. लोकांची नावं एकसारखी असतात, एकाचा फोटो दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. शिवाय नावातच कुणी खोडी करून ठेवलेली असते. आणि आलेली वस्तू अशा खोलीत ठेवायची जिथे ती नुसती पडून राहील, चालणार नाही. फार मोठी असली तर दारातच परत."

"झालं मग."

"नाही. शेवटचं राहिलं." इथे ते घास खाली ठेवायचे. "समज फोटो खराच आहे. पण त्याच्या मागे कुणी काही शिवलेलं असलं तर? कोटाच्या अस्तरात शिवतात तसं. वरून बघितलं तर चित्र, आणि चित्र संपलं की पुढे भलतंच. म्हणून मी आलेला फोटो ठेवतच नाही. माझा प्रोग्रॅम तो बघून ठिपक्याला ठिपका लावत नवा काढतो. नवा ठेवायचा, जुना तिथल्या तिथे नष्ट. मागे काय शिवलं होतं ते बघायचीही गरज नाही. गळून पडतं."

"म्हणजे तुम्ही माझा फोटो ठेवत नाही, नक्कल ठेवता," ताई म्हणाली.

"नक्कल नाही. स्वच्छ प्रत."

"पण आत काय आहे ते बघता ना?"

"आत काय आहे ते बघितल्याशिवाय मी काहीच ठेवत नाही," भाऊजी म्हणाले.

हे वाक्य ताईने मनात पक्कं धरलं. ते तिने कुठल्या अर्थाने धरलं, हे कळायला मला फार उशीर झाला, आणि भाऊजींना त्याहून उशीर.

दुकानातली सवय घरीही होतीच. दूध वास घेतल्याशिवाय भांड्यात जायचं नाही. औषधाची बाटली तीच, दुकान तेच, तरी लेबल वाचून व्हायचं. मी भेट म्हणून मफलर आणला तर त्याची शिवण उलटी करून बघितली. "बॉम्ब नाहीये भाऊजी," मी म्हणाले, तर ताईच खो खो हसली. घरच्या फोटोंसाठीही त्यांनी दुकानातलंच दार उचलून आणून एक छोटी वेबसाइट केली होती. ताई तिला 'कपाट' म्हणायची. "फोन आज आहे उद्या नाही," भाऊजींनी बजावलं होतं. "काढलेला फोटो कपाटात टाकायचा आणि फोनमधून पुसायचा. फोन भरला की रडतो." ताई आज्ञाधारकपणे तसं करायची. तिने कपाटात काही टाकलं की भाऊजींच्या कॉम्प्युटरवर खूण उमटायची आणि ते हातातलं काम सोडून तो फोटो उघडून बघायचे. हे मात्र खरं. तिचा एकही फोटो त्यांनी न बघता सोडला नाही.

फोन आम्ही दोघी बहिणींनी एकाच दिवशी, एकसारखेच घेतले होते. विकणारा फार बोलका होता. त्याने एक करामत दाखवली: फोटो काढायचं बटण दाबून धरलं की फोटोबरोबर मिनिटभर आवाजही भरला जातो, आणि नंतर तसल्याच फोनवर फोटो उघडला की कोपऱ्यात कर्ण्याची छोटी खूण दिसते, ती दाबली की ऐकू येतो. मी म्हणाले, हे खूळ कुणाला हवंय. ताई म्हणाली, छान आहे की. मी ते तिथेच विसरले.

मग ताई आजारी पडली. आजाराचं नाव घेत नाही, घेऊन तो काही लहान होत नाही. डॉक्टरांनी आधी आशा लावली, मग हळूहळू काढून घेतली. ताई पुढच्या खोलीत खिडकीजवळच्या पलंगावर असायची, पायांवर पांघरूण, उशाशी फोन. तिला काय हवं होतं ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिला ह्या माणसाशी एकदा बोलायचं होतं. ती गेल्यावर त्यांनी कसं राहायचं, काय खायचं, कुणाला बोलवायचं, तिच्या कपड्यांचं काय करायचं. आणि हेही की तिला भीती वाटते. पण ती "हे बघा, मी नसताना" इथपर्यंत आली की भाऊजी उठायचे. "तसं काही होणार नाही," म्हणायचे आणि चष्मा पुसत आतल्या खोलीत. आतून कीबोर्डचा आवाज सुरू व्हायचा.

एकदा मी त्यांच्या मागोमाग गेले. म्हटलं, "भाऊजी, तिला बोलायचंय तुमच्याशी. ऐकून घ्या ना."

"उगाच मनाला लावून घेते ती. अशानं माणूस खचतं," ते स्क्रीनकडे बघत म्हणाले.

"कोण खचतंय ते दिसतंय मला," मी म्हणाले आणि बाहेर आले. ताईने सगळं ऐकलं होतं. "राहू दे गं," ती म्हणाली. "मी काढते काहीतरी मार्ग."

त्यानंतर तिने फोटो काढायला सुरुवात केली. आधी मला बरं वाटलं, तेवढाच विरंगुळा. पण फोटो विचित्र होते. किटलीचा. कपडे धुवायच्या यंत्राच्या बटणाचा. तिच्या कपड्यांच्या कपाटातल्या खालच्या कप्प्याचा. जिन्यावरच्या दिव्याचा. समोरच्या रिकाम्या खुर्चीचा, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. भिंतीला धरून उठायची, धापा टाकत त्या वस्तूपर्यंत जायची आणि आम्हाला बाहेर पिटाळायची. "जरा वेळ जा तुम्ही. मला फोटो काढायचाय." दार लोटून घ्यायची. मला वाटलं औषधांचा परिणाम. भाऊजींनाही तेच वाटलं असणार. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी.

रोज फोटो कपाटात जायचा. रोज आतल्या खोलीत खूण उमटायची. आणि संध्याकाळी भाऊजी तिचं पांघरूण नीट करायला आले की ती विचारायची, "बघितलात का आजचा?"

"बघितला ना."

"मग?"

"मग काय? छान आलाय."

ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. काही येतंय का म्हणून. मग डोळे मिटून घ्यायची. हे मी स्वतः बघितलंय, एकदा नाही, कितीतरी संध्याकाळी. त्या बघण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मला वाटलं, तिला फोटोचं आणखी कौतुक हवंय, आणि हा ठोंब्या तेवढंही देत नाही. शेवटी शेवटी तिने 'मग?' विचारणं सोडलं. "बघितलात?" "बघितला. छान आलाय." "बरं."

मलाही तिने एक फोटो दिला. कपाटातून नाही. माझा फोन मागून घेतला, आपल्या फोनजवळ धरला आणि ब्लूटूथने पाठवला. "घरी जाऊन बघ," म्हणाली. जिन्यातच बघितला, तर स्वयंपाकघरातल्या खिडकीची कडी. मला रडूच आलं. माझी एवढी हुशार बहीण कड्यांचे फोटो काढत बसली आहे, असं वाटून मी फोन पर्समध्ये टाकला आणि तो फोटो पुन्हा उघडला नाही.

ताई सकाळी गेली, भाऊजी तिच्यासाठी पाणी आणायला उठले होते तेवढ्यात. पाणी घेऊन ते बराच वेळ उभे राहिले. मग तो पेला त्यांनी स्वतः पिऊन टाकला, कारण तो कुठे ठेवावा हे त्यांना सुचेना. डोळ्यातून टिपूस नाही. सगळ्यांनी मान हलवली, की बघा, किती घट्ट माणूस. मी मान हलवली नाही. मी मनात त्यांना वाट्टेल ते बोलले.

नंतर त्यांनी ताईचा फोन स्वतःच्या पद्धतीने पुसला. परक्या हातात तिचं काही जायला नको म्हणून परत परत पुसला, आणि दुकानातल्या काउंटरवरच्या मुलीला दिला, तिचा फुटला होता म्हणून. कपाट होतंच की. कपाटात सगळं सुरक्षित होतं.

मी अधूनमधून त्यांच्याकडे जायचे. प्रेमाने नाही, ताईच्या घरावर धूळ बसलेली बघवत नाही म्हणून. एका दुपारी स्वयंपाकघराची खिडकी लावायला गेले तर ती अडली. ती नेहमीच अडायची आणि नेहमी ताई येऊन लावायची. मी जोर लावला, शिवी घातली, आणि मग एकदम तो कडीचा फोटो आठवला. ओट्याला टेकून फोन काढला आणि शोधून उघडला. तेव्हा दिसली, कोपऱ्यातली कर्ण्याची खूण. मी ती दाबली.

"धाकटे," ताई म्हणाली.

मी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"धाकटे, ही खिडकी आधी वर उचलायची, मग ढकलायची. तू नुसता जोर लावतेस आणि तिला शिव्या घालतेस. आणि हे बघ, ह्यांना मी सगळं सांगून ठेवलंय, फोटोंतून. समोर बोलू देत नाहीत ना, म्हणून. रोज थोडं थोडं. ऐकतात, आणि विचारलं की 'छान आलाय' एवढंच म्हणतात. बोलवत नसेल गं त्यांना. तू चिडू नकोस त्यांच्यावर." मग एक लांब श्वास, आणि फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज.

चिडू नकोस. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे ह्या माणसाने सगळं ऐकलं होतं. मरणाच्या दारात बसलेल्या बायकोने रोज जीव गोळा करून त्याच्याशी बोलायचं, आणि ह्याने ऐकून म्हणायचं, छान आलाय. मी तशीच आतल्या खोलीत गेले. भाऊजी कॉम्प्युटरसमोर होते. मी त्यांची खुर्ची धरून फिरवली.

"तुम्ही ऐकत होतात," मी म्हणाले. "सगळं ऐकत होतात आणि तिला एक शब्द दिला नाहीत. दगड आहात का तुम्ही?"

"काय ऐकत होतो?"

"हे." मी फोन त्यांच्या कानाशी धरला आणि खूण दाबली. मला त्यांना दुखवायचं होतं. अगदी वर्मी लागावं म्हणूनच मी ते ऐकवलं.

ताईचा आवाज ऐकून आधी त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी बघितलं. मग ते शेवटपर्यंत ऐकत गेले तसा तो बदलत गेला. संपल्यावर त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि फोटोकडे बघत विचारलं, "हा तुझ्याकडे कसा आला?"

"ताईनेच दिला. फोनला फोन लावून."

"कपाटातून नाही ना?"

"नाही. का?"

त्यांनी खुर्ची परत फिरवली. कॉम्प्युटरवर किटलीचा फोटो उघडला. मग यंत्राच्या बटणाचा. मग खुर्चीचे सगळे. प्रत्येक फाइल केवढी आहे ते बघत होते. मला वाटलं आता आवाज लागेल. मी दाराला टेकून वाट बघत होते.

"आवाज फोटोच्या मागे जोडलेला असतो," शेवटी ते म्हणाले. "फाइल एकच. आधी चित्र, मग आवाज."

"मग लावा ना."

"चित्र संपलं की पुढचं मी टाकून देतो."

मी ते जेवणाच्या टेबलावर इतक्यांदा ऐकलं होतं की पुढे काही समजावून सांगायची गरज पडली नाही. भांडायला आले होते आणि भांडण माझ्या हातातच राहिलं.

तरी आम्ही शोधलं. दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीने बिचारीने लगेच फोन काढून दिला. त्यात तिच्या मैत्रिणी होत्या, तिचं मांजर होतं. भाऊजींनी तो थोडा वेळ नुसता हातात धरला, तिला म्हणाले, "त्रास दिला, माफ कर," आणि परत केला. तो पुसणारे तेच. आपण पुसलेलं परत येत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? जादा प्रती ठेवलेल्या डिस्का त्यांनी एकेक करून उघडल्या, सगळ्यांत त्याच स्वच्छ प्रती.

"काय टाकलं याची नोंद तरी असेल कुठे?" मी विचारलं.

"टाकलेल्याची नोंद कशाला ठेवायची, असं मीच म्हणालो होतो."

घरी परतल्यावर ते ताईच्या पलंगाच्या कडेवर बसले. मी समोरच्या खुर्चीत. तीच ती, फोटोतली.

"ती विचारायची तेव्हा मी छान आलाय म्हणायचो," ते म्हणाले.

"हो."

"रोज."

"हो भाऊजी."

"तिला वाटायचं, मी ऐकून म्हणतोय."

मग ते रडले. चष्मा न काढता रडले, आणि मी त्यांच्या पाठीवर हात ठेवायचा की नाही ह्या विचारात शेवटपर्यंत ठेवला नाही. त्यांच्यासाठी वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त मला त्या पलंगावर डोळे मिटून 'बरं' म्हणणारी ताई दिसत होती. ती काय समजून गेली, ते आता कुणालाच दुरुस्त करता येणार नव्हतं. भाऊजींनी आयुष्यभर दुरुस्त्याच केल्या होत्या, पण ही त्यांच्या आवाक्यातली नव्हती.

कामावर त्यांनी दारात एक बदल केला. दार उघडं टाकलं नाही. मालकाला तीच भीती होती, की दुःखाच्या भरात हा माणूस सगळं आत सोडेल. भाऊजी म्हणाले, "दार बरोबरच आहे. अस्तरातलं आत घ्यायचं नाही म्हणजे नाही. पण टाकायच्या आधी सांगायचं." आता कुणी असा फोटो टाकला की पडद्यावर अक्षरं येतात: ह्या फोटोच्या मागे आणखी काहीतरी आहे, बहुधा आवाज. आम्ही फक्त चित्र ठेवू शकतो. मूळ फोटो तुमच्या फोनमधून पुसू नका. मालक कुरकुरला की गिऱ्हाईक घाबरतं, उगाच फोन करतं. पण भाऊजी त्या दिवशी एवढं बोलले म्हणे की मालकाने मुकाट्याने मान डोलावली.

फोन येतातही. एका म्हाताऱ्याने फोन केला, की आवाज कसला, मी तर फक्त नातीचा फोटो काढला. भाऊजींनी त्याला कोपऱ्यातली खूण कुठे आहे ते समजावलं. पलीकडे त्याने ती दाबली असावी, कारण फोनमधून लहान मुलीचं हसू ऐकू आलं, मग पुन्हा तेच हसू. भाऊजींनी हळूच फोन ठेवला. हे मला त्यांनी स्वतः सांगितलं. आताशा ते मला अशा गोष्टी सांगतात.

माझ्याकडचा तो एक फोटो मी त्यांना फोनला फोन लावूनच दिला. तो त्यांनी कपाटात टाकला नाही. जुन्या फोनांच्या दुकानातून तसलाच एक फोन शोधून आणला आणि त्यात तेवढा एकच फोटो ठेवला.

परवा दुपारी गेले तर दार लोटलेलं होतं. आतून भाऊजींचा आवाज येत होता. कुणी आलंय का म्हणून मी चपला काढून हळूच डोकावले. ते एकटेच होते. ताईच्या पलंगासमोरच्या खुर्चीत बसले होते आणि मांडीवरच्या लॅपटॉपवर त्याच खुर्चीचा फोटो होता. ते गप्प बसून त्याच्याकडे बघत होते, एका फोटोमागे जेवढा आवाज मावतो साधारण तेवढा वेळ. मग म्हणाले, "हो, करीन." पुढचा फोटो, कपड्यांच्या कपाटातला खालचा कप्पा. पुन्हा तेवढंच थांबणं. "बरं. देऊन टाकतो." किटली आली. "रोज घासतो गं." तिने काय सांगितलं असेल, काय विचारलं असेल, हे अंदाजाने धरून ते एकेकाला उत्तर देत होते.

मग पुन्हा खुर्ची आली, शेवटच्या दिवसांतली, हात थरथरल्यामुळे जरा हललेली. ह्या वेळी ते खूपच थांबले. मला वाटलं, उठतील आता, चष्मा पुसतील आणि आत जातील. ते उठले नाहीत.

"मलाही भीती वाटत होती गं," भाऊजी म्हणाले. "म्हणून उठून जायचो."

मी आवाज न करता स्वयंपाकघरात गेले. वारा सुटला होता आणि खिडकी आपटत होती. ती आधी वर उचलली, मग ढकलली, आणि कडी लावली.